धूर मागून येतो

मंगळवारी सकाळी सव्वासातला गार्थ हॅनिगनने बादलीतली वाइन पेल्यात घेतली, हुंगली, एक घोट तोंडात फिरवला आणि शेडच्या मोरीत थुंकला. मग तो दाराबाहेर बघत उभा राहिला. लोरेदाना टेसारोलो त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचा बाप ओत्तोरिनो स्वतःचा पेला संपवून उलट्या क्रेटवर बसला होता.

थोडा वेळ गेला. गार्थने जीभ टाळूला लावली, सोडवली.

"ॲशट्रे," तो म्हणाला.

"काय?" ओत्तोरिनोने विचारलं.

"ॲशट्रे, ओत्तो. रात्रभर भरलेला आणि सकाळी कोणीतरी पाणी ओतलेला."

"मला चेरी लागली."

"आधी चेरीच लागते. धूर मागून येतो."

"किती मागून? मी केव्हाचा बसलोय. अजून पोचला नाही."

"पापा, तुला तो कधीच पोचणार नाही," लोरेदाना म्हणाली. "चाळीस वर्षं तंबाखू भाजून तुझं नाक गेलंय."

"नाक इथेच आहे. तुझ्या आईला विचार, घोरतं."

गार्थ हसला नाही. त्याने दुसरा घोट घेतला, पुन्हा थुंकला, पुन्हा वाट पाहिली आणि पेला पालथा ठेवला. वाइन बनवणारा माणूस पेला पालथा ठेवतो तेव्हा त्याला आणखी काही सांगायचं नसतं.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, दरीच्या वरच्या टोकाला जंगल पेटलं होतं. आग इथे मर्टलफर्डपर्यंत आली नाही, धूर मात्र आला आणि तीन आठवडे उठला नाही. माउंट बफलो दिसेनासा झाला होता. द्राक्षं तेव्हा नुकती रंग धरत होती. धुराची अडचण अशी की तो सालीत शिरून बसतो आणि द्राक्ष खाऊन कळत नाही. फळ गोड लागतं, रस गोड लागतो. रस आंबून त्याची वाइन झाली की मग तो बाहेर येतो, आणि तोही घोट संपल्यावर. प्रयोगशाळेत नमुने पाठवावेत तर तिथे अर्ध्या राज्याच्या बाटल्या रांगेत पडल्या होत्या. म्हणून प्रत्येक बागवाला बादली लावत होता. तोडणीच्या आधी थोडे घड काढायचे, बादलीत चेचायचे, यीस्ट घालायचं, आठवडाभर आंबू द्यायचं आणि चाखायचं. त्या वर्षी कोणाकडे गेलं की कॉफीच्या आधी बादली पुढे येई.

टेसारोलोंची बादली नेब्बिओलोची होती. धुक्यावरून नाव पडलेलं द्राक्ष, त्याच्या वाट्याला धूर आला.

ही बाग लोरेदानाने लावली होती. तंबाखू बंद झाल्यावर बापाने ते रान गुरांना सोडून दिलं होतं. ती मेलबर्नची नोकरी सोडून आली आणि तिने तिथे वेल उभे केले. दरवर्षी ते द्राक्ष गार्थ घेई आणि आपल्या नेहमीच्या लाल वाइनमध्ये मिसळून टाकी. त्या बाटलीवर दरीचं नाव असे, गार्थचं असे, तिच्या रानाचं नसे. या वर्षी पहिल्यांदा तो म्हणाला होता की तुझं द्राक्ष वेगळ्या टाकीत घालू, वेगळ्या बाटलीत भरू आणि वर रानाचं नाव लावू. रानाच्या डोक्याला विटांची तंबाखूची भट्टी उभी होती, म्हणून रानाला सगळे 'जुनी भट्टी' म्हणत. बाटलीवर तेच नाव येणार होतं.

लोरेदानाने मनाशी ठरवून टाकलं होतं. या वर्षीही नाव मिळालं नाही तर वेल उपटायचे आणि अक्रोड लावायचे. अक्रोड कोणी तोंडात फिरवून थुंकत नाही.

"थांबा," ओत्तोरिनो उठत म्हणाला. "तुमच्या दोघांच्या डोक्यात धूर बसलाय. आत्ता दाखवतो."

तो शेडच्या मागच्या बाजूला गेला आणि पाठमोरा उभा राहून दोन पेले भरून घेऊन आला. दोन्ही सारखेच लाल.

"लोरी, घे. सांग कुठली धुराची."

"मला वेळ नाही, पापा."

"नाक गेलेल्या माणसाला घाबरतेस?"

तिने पहिला घोट घेतला, थुंकला, थांबली. दुसरा घेतला, थुंकला, थांबली.

"दोन्ही," ती म्हणाली.

ओत्तोरिनोने मांडीवर थाप मारली. "दुसरी गेल्या सालची आहे! माझ्या बरणीतली! तेव्हा कुठे होती आग? सांग, कुठे होती?"

लोरेदानाने दुसरा पेला हिसकावून पुन्हा चाखला. गार्थने तिच्या हातातून तो घेतला, स्वतः चाखला आणि मान हलवली.

"ही स्वच्छ आहे, लोरी. ती पहिली धुराची आहे. ओत्तो, तुमच्या बरणीत बाकी सगळे दोष आहेत, पण धूर नाही."

"म्हणजे मला सगळीकडेच लागतो," लोरेदाना म्हणाली.

"जानेवारीपासून बऱ्याच जणांचं तसं झालंय."

"आणि याला कुठेच लागत नाही. छान. एका घरात दोन माणसं आणि दोघांची मिळून एक जीभ नाही."

गार्थने गाडीची किल्ली काढली. "टाकी मी शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो. रविवारी पाऊस आहे, म्हणजे तुला शनिवारी तोडावं लागेल, नाहीतर पातळ सालीचं हे द्राक्ष वेलावरच फुटेल. पण टाकी कशासाठी धरायची ते तू मला सांग. ही वाइन मी वेगळी भरू शकत नाही. मिसळूही शकत नाही, लोरी. ही एक बादली माझी अख्खी टाकी नासवेल."

तो गेला. ओत्तोरिनोने बरणीतली वाइन परत बरणीत ओतली. टाकून देणं त्याला जमत नसे.

दुपारी लोरेदाना जेवायला बसली. तिची आई सेवेरिना पानात पास्ता वाढत होती आणि बोलायचं काम तिने एकटीने अंगावर घेतलं होतं.

"झालं गेलं. बादलीच ती. तुझ्या बापाने तर तिला लाडावून ठेवली होती. रोज रात्री उचलून न्यायची, पांघरूण घालायचं, पहाटे परत आणायची. लग्नाला बावन्न वर्षं झाली, मला एकदा पांघरूण घातलं नाही या माणसाने."

लोरेदानाचा काटा हवेतच थांबला.

"कुठे न्यायची?"

"सेवेरिना, चीज दे," ओत्तोरिनो म्हणाला.

"मम्मा, कुठे न्यायचा तो बादली?"

"भट्टीत. अजून कुठे?"

लोरेदानाने काटा ताटलीत ठेवला. ओत्तोरिनोने स्वतः उठून चीज घेतलं आणि गरजेपेक्षा जास्त किसलं.

"थंडी होती," तो म्हणाला. "एप्रिलच्या रात्री. शेडमध्ये यीस्ट मेलं असतं. तू सकाळी बघून म्हणालीस ना, छान आंबतंय म्हणून? आपोआप आंबत होतं का?"

"भट्टी रिकामी आहे. तीही थंडच असते रात्री."

"पेटवल्यावर नसते."

सेवेरिनाने पाण्याचा जग उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला.

"तू भट्टी पेटवलीस," लोरेदाना म्हणाली.

"थोडीशी. दोन ओंडके. कधी तीन."

"तिचे धूर बाहेर नेणारे नळ गंजून चाळणी झालेत, पापा! पंधरा वर्षांत त्यांना कोणी हात लावला नाही! धूर सगळा आत येत असणार!"

"मला काही दिसला नाही."

"तुला वासही येत नाही!"

"भट्टीला भट्टीचा वास येणारच. मी त्या खोलीत चाळीस वर्षांत एक पान जळू दिलं नाही. खरेदीदार मेलबर्नहून यायचे रंग बघायला."

"पान नव्हतं ते! वाइन होती! वाइनमध्ये धूर आहे की नाही हे बघायला ठेवलेली वाइन तू धुरात ठेवलीस!" ती उभी राहिली होती. "आता त्या बादलीत जानेवारीचा धूर किती आणि तुझा किती, हे कोण सांगणार?"

ओत्तोरिनोने विचार केला.

"माझा थोडाच असेल," तो म्हणाला.

बागेत फोनला रेंज फक्त भट्टीच्या कोपऱ्यावर येई. लोरेदाना तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने गार्थला सगळं सांगितलं. भट्टीच्या चुलीत राख होती, ताजी. दाराआत कोपऱ्यात घोंगडी घडी करून ठेवली होती आणि शेजारी एक खुर्ची. म्हणजे तो नुसता बादली ठेवून जात नव्हता, बसतही होता. हे तिने गार्थला सांगितलं नाही.

"म्हणजे सकाळी मी तुझी वाइन चाखलीच नाही," गार्थ म्हणाला. "तुझ्या बापाची भट्टी चाखली."

"हो."

"नाव 'जुनी भट्टी' ठेवायचं म्हटलं होतं मी. चव तशी हवी असं नव्हतं म्हटलं."

"गार्थ, मला हसू येत नाहीये."

"मलाही नाही. माझी सकाळ गेली. बरं, ऐक. यावरून द्राक्षं स्वच्छ आहेत असं ठरत नाही."

"माहीत आहे."

"शुक्रवारपर्यंत दुसरी बादली होईल?"

"अर्धीमुर्धी. गोडच राहील."

"चालेल. यीस्ट दुप्पट घाल, ऊब दे. आणि लोरी, त्याला कुलूप लाव."

"बादलीला?"

"तुझ्या बापाला."

दुपारीच तिने बागेच्या चार कोपऱ्यांतून घड काढले. चेचायचं काम तिने हाताने केलं आणि ओत्तोरिनोला शेडच्या दाराआत येऊ दिलं नाही. मग बादली ठेवायची कुठे हा प्रश्न आला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या शेतावर धूर नसलेली उबदार जागाच नाही. स्वयंपाकघरात लाकडाची चूल होती. शेडमागच्या खोलीत आईने सॉसेज टांगले होते, आणि त्यांना धुरी दिलेली होती. बैठकीत शेकोटी. बापाच्या गाडीत तो सिगार ओढत नाही असं तो सांगत असे. गॅरेजात डिझेलचा वास होता. तिच्या स्वतःच्या खोलीला शेकोटीच्या धुराड्याची भिंत होती.

राहिली न्हाणी. लोरेदानाने टब कोमट पाण्याने भरला, त्यात बादली उभी केली, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि किल्ली खिशात घातली.

"आणि आंघोळ?" सेवेरिनाने विचारलं.

"मावशीकडे."

"तीन दिवस? ती म्हणेल, यांच्याकडे पाणी तोडलं."

"म्हणू दे."

"मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा न्हाणी नव्हती," सेवेरिना म्हणाली. "आता आहे तर तिच्यात बादली राहते."

बुधवारी ओत्तोरिनो एकदा न्हाणीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बुडबुडे येतायत?" त्याने बाहेरून विचारलं.

"येतायत. जा."

"पाणी गार झालं असेल. सांग, मी तापवून आणतो."

"कशावर तापवशील?"

चुलीवर, हे उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलं असावं. तो निघून गेला. त्यानंतर भट्टीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. लोरेदाना बघायला गेली नाही. दर तीन तासांनी टबातलं पाणी बदलण्यातच तिचा दिवस जात होता आणि विजेच्या किटलीत एका वेळी पाणी किती कमी मावतं हे तिला नव्याने कळत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी गार्थ आला तो थकलेला. चार बागांच्या चार बादल्या चाखून आला होता, त्यातल्या दोन वाया गेलेल्या.

"माझ्या तोंडात अजून शेवटची आहे," तो म्हणाला. "काहीतरी खायला दे. पाणी दे. जरा थांबू."

सेवेरिना याच क्षणाची वाट बघत असावी. पाहुणा घरात येऊन तोंड स्वच्छ करायला मागतो, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. ती ताटली घेऊन आली. मक्याच्या पिठाची भाजलेली पोलेंता, दोन्ही बाजूंनी खमंग, कडेने छान काळी पडलेली. गार्थने तुकडा उचलला.

"नाही!" लोरेदानाने त्याच्या हातातून तो काढून घेतला. "मम्मा, हे चुलीवर भाजलंय!"

"मग कशावर भाजू? चंद्रावर?"

"याला धूर शोधायचाय! आणि तू याला धूर खायला घालतेस!"

"म्हणजे काय, माणसाला उपाशी ठेवून काम करून घेतेस? हॅनिगन, तुझी आई काय म्हणेल मला?"

"साधा ब्रेड असेल तर," गार्थ ओशाळून म्हणाला.

"साधा ब्रेड," सेवेरिना म्हणाली आणि ताटली घेऊन गेली. आतून कपाटं आपटल्याचे आवाज आले. ब्रेड आला, कोरडा, बशीशिवाय.

न्हाणीच्या दारातच गार्थने पेला भरला. वाइन अजून गढूळ होती, अर्धी रस, अर्धी वाइन. ओत्तोरिनो ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याला आत यायची बंदी होती आणि तो ती पाळत होता, पण दार उघडं होतं.

गार्थने घोट घेतला, फिरवला, टबात थुंकला आणि वाट पाहिली. पुन्हा घेतला. तिसरा त्याने गिळला. बराच वेळ तो भिंतीवरच्या साबणदाणीकडे बघत राहिला.

"बोल ना," लोरेदाना म्हणाली.

"मला सापडत नाहीये."

पायरीवरून आवाज आला, "मी म्हणालो होतो!"

"तू गप्प बस, पापा! तू सगळ्यालाच म्हणतोस!" ती गार्थकडे वळली. "म्हणजे स्वच्छ?"

"म्हणजे सापडत नाहीये. साखर फार आहे, साखर झाकते. आणि माझं तोंड आज पाचव्या बादलीचं आहे. परवा अशीच एक मला स्वच्छ वाटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच चाखली तर राख." त्याने खिशातून छोटी बाटली काढून भरून घेतली. "ही घेऊन जातो. सकाळी उपाशीपोटी, कॉफीच्या आधी चाखतो आणि फोन करतो. स्वच्छ असेल तर ट्रक पाठवतो, टाकी तुझी, नाव तुझं. नसेल तर पाठवत नाही."

"तोडणीची माणसं सातला येतायत. तू किती वाजता उठतोस?"

"उद्या सकाळी बायको मला तिच्या आईकडे घेऊन चाललीय. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून चाखीन."

"पेट्रोल पंपावर!"

"मग थोडं पुढे जाऊन," गार्थ म्हणाला.

तो गेल्यावर लोरेदानाने एक पेला स्वतःसाठी भरला आणि चाखला. तिला धूर लागला. ती नळाचं पाणी प्यायली. त्यातही लागला.

शनिवारी सकाळी माणसं सातच्या आधीच आली. बफलोच्या कड्यावर ढग बसले होते, रविवारचे, पण एक दिवस आधी. लोरेदानाने फोन भट्टीच्या खिडकीत ठेवला, कारण रेंज तिथेच येत होती. तेव्हा तिला दिसलं की भट्टीची चूल तिथे नव्हती. लोखंडी दार, जाळी, नळाचं तोंड, सगळं सोडवून बाहेर गवतात मांडून ठेवलं होतं, ओळीने. चुलीच्या जागी भिंतीत चौकोनी भोक होतं.

ओत्तोरिनो बागेच्या कडेला उभा होता. केस ओले, भांग पाडलेला, अंगात लग्नाकार्याचा पांढरा शर्ट. त्याच्या अंगाला मावशीच्या साबणाचा वास येत होता.

"मी लांबच उभा राहतो," तो म्हणाला. "सिगार गाडीतच ठेवलाय."

"गाडीत ओढत नाहीस ना तू?"

"ठेवलाय म्हणालो. ओढतो कुठे म्हणालो?"

माणसं कात्र्या हातात घेऊन तिच्याकडे बघत होती. फोन वाजला नव्हता. तोडलेलं द्राक्ष परत वेलाला लावता येत नाही आणि ट्रक आला नाही तर क्रेटमध्ये दुपारपर्यंत तापत पडतं. न तोडलं तर उद्या फुटतं. गार्थ अजून बोलला नव्हता, आणि बाकी दोन जिभांपैकी एकीला सगळीकडे धूर लागत होता, दुसरीला कुठेच नाही.

"काय करायचं?" टोळीचा मुकादम म्हणाला. "तोडायचं की उभं राहायचं? मला दोन्ही चालतं, पैसे तासाचे आहेत."

लोरेदानाने ढगांकडे पाहिलं. मग एक जादाची कात्री उचलली आणि बापापुढे धरली.

"पहिला घड तू तोड. आणि त्याला तोंडाजवळ नेऊ नकोस."

"नेऊन काय होणार आहे? मला काही कळतं का?" ओत्तोरिनो म्हणाला आणि कात्री घेतली.

साडेनऊपर्यंत चार ओळी तोडून झाल्या होत्या. भरलेल्या क्रेट भट्टीच्या सावलीला लावल्या होत्या, पण आत नव्हत्या. लोरेदानाने दाराला साखळी घातली होती. बफलो पूर्ण झाकला गेला होता. पहिले थेंब वर ब्राइट गावाकडे पडले असं तिकडून आलेल्या एका गाडीवाल्याने सांगितलं. ट्रक आला नव्हता. फोन खिडकीत होता, रेंजच्या दोन काड्या दाखवत, आणि वाजला नव्हता.